वॉल्टर जोसेफ फिलिप्स

वॉल्टर जोसेफ फिलिप्स (जन्म : बार्टन-अपॉन-हंबर, लिंकनशायर, इंग्लंड, २५ ऑक्टोबर १८८४, मृत्यू : व्हिक्टोरिया, ब्रिटिश कोलंबिया, कॅनडा, ५ जुलै १९६३) हे इंग्लंडमध्ये जन्मलेले कॅनेडियन निसर्गचित्रकार, मुद्राचित्रकार, कलाशिक्षक व कलासमीक्षक होते. १९१३ ते १९४१ अशी अठ्ठावीस वर्षे त्यांचे वास्तव्य कॅनडाच्या प्रेअरी प्रदेशातील विनिपेग या शहरात होते. आज त्यांचे नाव प्रामुख्याने रंगीत काष्ठमुद्राचित्रांसाठी, म्हणजे कलर वुडकटसाठी, घेतले जाते. तथापि त्यांनी आरंभ केला तो जलरंगांनी आणि हे माध्यम त्यांनी पुढेही सोडले नाही. त्यांची बहुतेक मुद्राचित्रे मूळ जलरंगचित्रांवरून सिद्ध झालेली आहेत. जलरंगकार म्हणून मात्र त्यांची उपेक्षाच झाली. कॅनडाच्या चित्रकलेचा इतिहास ‘ग्रुप ऑफ सेव्हन’ या गटाच्या तैलचित्रांभोवती लिहिला गेला, हे या उपेक्षेचे एक कारण. फिलिप्स यांच्या मुद्राचित्रांच्या कीर्तीने त्यांचीच जलरंगचित्रे झाकोळली गेली, हे दुसरे.

प्रेअरी प्रदेश

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागातील विस्तीर्ण गवताळ मैदानांना प्रेअरी म्हणतात. कॅनडात मॅनिटोबा, सस्कॅचेवान व अल्बर्टा हे तीन प्रांत मिळून प्रेअरी प्रांत ओळखले जातात. रेड व असिनिबॉइन या नद्यांच्या संगमावर वसलेले विनिपेग ही मॅनिटोबाची राजधानी आहे. क्री भाषेतील गढूळ पाणी या अर्थाच्या शब्दांवरून शहराचे नाव पडले. रेड नदीचे खोरे कमालीचे सपाट आहे. हिमयुगाच्या अखेरीस येथे अ‍ॅगासिझ नावाचे प्रचंड सरोवर होते. ते ओसरल्यावर त्याचा गाळाने भरलेला तळ उघडा पडला आणि तोच आजचा मैदानी भाग होय. विनिपेग सरोवर हे त्या प्राचीन जलाशयाच्या अवशेषांपैकी एक आहे.

निसर्गचित्रकाराच्या दृष्टीने ही भूमी अवघड आहे. नजर अडवणारा डोंगर नाही, चित्राची चौकट सावरणारे मोठे वृक्ष फारसे नाहीत. क्षितिजाची एक रेघ आणि तिच्यावर अफाट आकाश. इंग्लंडच्या दमट हवेत दूरच्या टेकड्या निळसर व धूसर होत जातात आणि त्या धूसरपणाने चित्रात अंतराचा आभास निर्माण होतो. प्रेअरीतील कोरड्या, स्वच्छ हवेत दूरच्या वस्तूही रेखीव दिसतात. त्यामुळे इंग्रजी जलरंगपरंपरेत शिकलेल्या चित्रकाराला अंतर दाखवण्याची नेहमीची युक्ती येथे पुरी पडत नाही. शिवाय हिवाळ्यात तापमान उणे तीस अंशांच्याही खाली उतरू शकते. अशा थंडीत उघड्यावर कुंचल्यातील पाणीच गोठते. पाण्यावर अवलंबून असलेल्या माध्यमासाठी यापेक्षा प्रतिकूल हवामान शोधणे कठीण. फिलिप्स यांच्या कार्याचे महत्त्व समजून घेताना ही पार्श्वभूमी ध्यानी ठेवावी लागते.

बालपण, शिक्षण व भटकंती

फिलिप्स यांचे वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. फिलिप्स यांनी बर्मिंगहॅम येथील कलाशाळेत चित्रकलेचे शिक्षण घेतले. त्यानंतर ते दक्षिण आफ्रिकेस गेले आणि तेथे सुमारे पाच वर्षे त्यांनी निरनिराळ्या नोकऱ्या केल्या. चित्रकार म्हणून स्थिरावण्याची शक्यता न दिसल्याने ते इंग्लंडला परतले व १९०८ मध्ये सॉल्झबरी येथील बिशप वर्ड्सवर्थ शाळेत चित्रकला शिक्षक झाले. सॉल्झबरीच्या परिसरात त्यांनी पुष्कळ जलरंगचित्रे केली व ती प्रदर्शितही केली. १९१० मध्ये ग्लॅडिस पिचर यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

जून १९१३ मध्ये हे दांपत्य कॅनडास गेले आणि विनिपेगमध्ये स्थायिक झाले. १९११ च्या जनगणनेनुसार विनिपेग हे कॅनडातील तिसऱ्या क्रमांकाचे शहर होते. गव्हाचा व्यापार, रेल्वे आणि युरोपातून येणारे स्थलांतरितांचे लोंढे यांमुळे ते झपाट्याने वाढत होते. कलेच्या क्षेत्रातही नव्याची सुरुवात होत होती : विनिपेग आर्ट गॅलरी १९१२ मध्ये, तर विनिपेग स्कूल ऑफ आर्ट १९१३ मध्ये सुरू झाले. फिलिप्स सेंट जॉन्स टेक्निकल हायस्कूलमध्ये चित्रकला शिक्षक म्हणून रुजू झाले व १९२४ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षे, त्यांनी ही नोकरी केली.

विनिपेगमधील जलरंगचित्रे

शाळेच्या वेळेबाहेर, विशेषतः उन्हाळ्याच्या दीर्घ सुटीत, फिलिप्स निसर्गचित्रे रंगवीत. विनिपेगजवळचे नदीकाठ, बर्फाने झाकलेली झाडे व घरे आणि शहराच्या पूर्वेस मॅनिटोबा, ऑन्टॅरिओ व अमेरिकेतील मिनेसोटा यांच्या सीमेवर पसरलेले लेक ऑफ द वुड्स हे सरोवर, ही त्यांच्या या काळातील चित्रांची प्रमुख स्थळे होत. सपाट गवताळ मैदान जेथे संपते आणि खडक, पाईन वृक्ष व पाणी यांचा प्रदेश जेथे सुरू होतो, त्या सीमारेषेवरचा हा निसर्ग आहे. त्यामुळे फिलिप्स यांना केवळ गव्हाच्या शेतांचे व मैदानांचे चित्रकार म्हणणे यथार्थ ठरणार नाही. प्रेअरीत राहून ते पाण्याचा शोध घेत राहिले. नदी, सरोवर, बर्फ व धुके ही पाण्याची निरनिराळी रूपे त्यांच्या चित्रांत वारंवार येतात.

त्यांची जलरंगाची पद्धत पारदर्शक रंगलेपनाची होती. या पद्धतीत पांढरा रंग वापरला जात नाही. कागदाची मूळ पांढराई हाच चित्रातील प्रकाश असतो. गडद छटा एकावर एक पातळ हात देऊन मिळवल्या जातात. एकदा झाकलेला कागद पुन्हा पूर्ववत उजळ करता येत नाही. तैलरंगात चूक झाली तर ती खरवडून किंवा तिच्यावर दुसरा थर देऊन सुधारता येते. पारदर्शक जलरंगात ती मुभा जवळजवळ नाही. म्हणून कोणती जागा कोरी सोडायची, हे कुंचला उचलण्यापूर्वीच ठरवावे लागते. हिमाच्छादित प्रदेश रंगवताना ही अट चित्रकाराच्या पथ्यावर पडते. कोरा कागद हाच बर्फ होतो आणि चित्रकाराला रंगवायच्या असतात त्या केवळ बर्फावरच्या सावल्या. प्रेअरीतील निरभ्र हिवाळी उन्हात या सावल्या निळ्या-जांभळ्या दिसतात. ज्या हवामानाने उघड्यावर जलरंग वापरणे अशक्यप्राय केले, त्याच हवामानाने जलरंगाला साजेसा विषयही दिला.

काष्ठमुद्रणाकडे वळण

विनिपेगमध्ये फिलिप्स यांची सिरिल बॅरॉ या इंग्रज चित्रकाराशी ओळख झाली. अम्लरेखन, म्हणजे एचिंग, हे मुद्रणतंत्र ते बॅरॉ यांच्याकडून शिकले. पहिल्या महायुद्धात सैन्यात दाखल होण्यासाठी बॅरॉ कॅनडाबाहेर गेले, तेव्हा त्यांचे मुद्रणयंत्र व साहित्य फिलिप्स यांनी विकत घेतले. त्यांनी काही अम्लरेखने केली खरी, परंतु ते तंत्र मूलतः रेषेचे आहे. रंगात विचार करणाऱ्या जलरंगकाराचे त्यात समाधान होईना. त्यामुळे ते लवकरच रंगीत काष्ठमुद्रणाकडे वळले. ‘विंटर’ (१९१७) हे त्यांच्या आरंभीच्या रंगीत काष्ठमुद्राचित्रांपैकी एक होय. विनिपेगमधील लाकूड-कोरीव कलाकार एरिक बर्गमन हे या क्षेत्रातील त्यांचे निकटचे मित्र होते.

फिलिप्स यांनी जपानी पद्धतीचा अवलंब केला. पाश्चात्त्य पद्धतीत ठशांवर तेलयुक्त शाई रुळाने लावतात व यंत्राच्या दाबाने छपाई करतात. जपानी पद्धतीत रंग पाण्यात कालवलेले असतात आणि छपाई हाताने होते. तिचे टप्पे साधारणपणे असे :

प्रथम जलरंगचित्रावरून बाह्यरेषांचे रेखांकन करून ते लाकडी फळीवर उतरवले जाते व कोरले जाते. हा मुख्य ठसा होय. त्यासाठी चेरीसारखे घट्ट व बारीक कणांचे लाकूड लागते. त्यानंतर प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र ठसा कोरतात. ठशावर पाण्यात मिसळलेला रंग व तांदळाची खळ कुंचल्याने पसरतात. किंचित ओलसर ठेवलेला हातकागद त्यावर खुणेला खूण जुळवून ठेवतात आणि बारेन नावाच्या गोल, चपट्या साधनाने पाठीमागून घासतात. तोच कागद एकामागून एक सर्व ठशांवरून जातो. एकाही ठशावर खूण किंचित सरकली तर तोवरचे सारे श्रम वाया जातात. ठशावरच रंग गडदापासून फिकटापर्यंत उतरवत नेला, तर आकाशाच्या किंवा पाण्याच्या छटा जलरंगासारख्याच तरल उमटतात.

या वर्णनावरून लक्षात येईल की, हे तंत्र म्हणजे एका अर्थी छापलेले जलरंगचित्रच आहे. पाणी, पारदर्शक रंग व कागदाची पांढराई हे तिन्ही घटक दोहोंत समान आहेत. फिलिप्स यांच्या हातून दोन वेगळ्या कला घडल्या नाहीत. एकाच दृष्टीचा तो विस्तार होता.

कागद हा या तंत्रातील कळीचा भाग असतो. सच्छिद्र जपानी कागदावर रंग फुटू नये म्हणून त्याला सरस व तुरटी यांच्या मिश्रणाचा हात द्यावा लागतो. १९२४ मध्ये शाळेची नोकरी सोडून फिलिप्स काही काळासाठी इंग्लंडला गेले असता तेथे त्यांची भेट जपानी काष्ठमुद्रक योशिजिरो उरुशिबारा यांच्याशी झाली. कागदाला असा हात देण्याची रीत त्यांनी उरुशिबारांकडून समजून घेतली. १९२५ मध्ये ते विनिपेगला परतले व १९२६ मध्ये ‘द टेक्निक ऑफ द कलर वुडकट’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. स्वतः चाचपडत मिळवलेले ज्ञान त्यांनी गुपित न ठेवता इतरांसाठी क्रमवार मांडले.

नोकरी सोडल्यावर निर्वाहाचा भार चित्रविक्रीवर आला. काष्ठमुद्राचित्राच्या अनेक प्रती निघत असल्याने ते तुलनेने स्वस्तात विकता येई व दूरच्या शहरांत, इंग्लंड-अमेरिकेतही पाठवता येई. जलरंगचित्र एकच असे व ज्या घरात गेले तेथेच राही. फिलिप्स यांची कीर्ती मुद्राचित्रांच्या रूपाने दूरवर पसरली आणि जलरंगचित्रे मागे पडली, याच्या मुळाशी ही व्यावहारिक बाजूही आहे.

कलासमीक्षा व ग्रुप ऑफ सेव्हन

१९२६ ते १९४१ या काळात फिलिप्स यांनी ‘विनिपेग ट्रिब्यून’ या दैनिकात ‘आर्ट अँड आर्टिस्ट्स’ हे सदर चालवले. कलाकेंद्रांपासून दूर असलेल्या शहरातील सामान्य वाचकाला चित्र कसे पाहावे, माध्यमांचे गुणधर्म कोणते, हे सांगण्याचे काम या सदराने केले. कारागिरीवरील हुकमत हा कलेचा पाया आहे, ही त्यांची धारणा या लेखनातून स्पष्ट दिसते.

या काळात कॅनडाच्या कलाविश्वावर टोरोंटो येथे १९२० मध्ये स्थापन झालेल्या ग्रुप ऑफ सेव्हनचा प्रभाव वाढत होता. उत्तरेकडील रानावनाची, ठसठशीत आकारांची व जाड रंगलेपनाची तैलचित्रे हीच खरी कॅनेडियन कला, असा विचार रूढ होत गेला. या गटातील काही चित्रकारांविषयी फिलिप्स यांना आदर होता. पण आधुनिकतावादाविषयी ते साशंक होते. विनिपेगमधीलच लायोनेल लमॉइन फिट्झजेराल्ड यांना १९३२ मध्ये ग्रुप ऑफ सेव्हनचे सदस्यत्व मिळाले. फिलिप्स मात्र त्या गटाबाहेरच राहिले. त्यांना मान्यता मिळालीच नाही असे नाही. १९३३ मध्ये ते रॉयल कॅनेडियन अकादमी ऑफ आर्ट्सचे पूर्ण सदस्य झाले. परंतु राष्ट्रीय कलेची जी कथा पुढे पाठ्यपुस्तकांतून व संग्रहालयांतून सांगितली गेली, तिच्या केंद्रस्थानी ते कधीच नव्हते.

त्यांच्या भूमिकेलाही मर्यादा होत्या. नव्या प्रयोगांकडे पाहताना त्यांनी कारागिरीच्या निकषाला इतके महत्त्व दिले की, त्या प्रयोगांमागील प्रेरणेला त्यांच्याकडून पुरेसा न्याय मिळाला असे म्हणता येत नाही. त्यांच्या स्वतःच्या चित्रांतील सौम्य, संयत सौंदर्य काही समीक्षकांना जुन्या वळणाचे वाटले, तेही यामुळेच.

पश्चिमेकडे

१९२६ पासून फिलिप्स रॉकी पर्वताच्या परिसरात चित्रे काढू लागले. १९२७ मध्ये त्यांनी ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्याचा प्रवास केला. तेथील अलर्ट बे परिसर व मूलनिवासी क्वाक्वाक्यावाक्व समाजाची खेडी यांची त्यांनी रेखाटने केली. ‘कार्लुक्वीस’ (१९२९) हे त्यांचे प्रसिद्ध मुद्राचित्र या प्रवासाचे फलित होय. विनिपेग सरोवरावर शिडाच्या बळावर चाललेली, फर व्यापाराच्या काळातील नाव दाखवणारे ‘यॉर्क बोट ऑन लेक विनिपेग’ (१९३०) हेही त्यांचे विशेष गाजलेले चित्र आहे.

१९३० नंतरच्या महामंदीत चित्रविक्रीवर जगणे अवघड झाले. प्रेअरी प्रांतांना मंदीबरोबरच दुष्काळाचीही झळ बसली होती. १९४० पासून फिलिप्स यांनी बॅन्फ येथील उन्हाळी कलाशाळेत शिकवण्यास सुरुवात केली व पुढे सुमारे दोन दशके ते तेथे शिकवत राहिले. १९४१ मध्ये त्यांनी विनिपेग सोडले आणि १९४९ पर्यंत कॅलगरी येथील प्रोव्हिन्शियल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अँड आर्टमध्ये अध्यापन केले. नंतर ते बॅन्फ येथे राहू लागले. शाळेच्या वर्गापासून सुरू झालेला त्यांचा शिक्षकी पेशा अशा रीतीने उत्तरायुष्यातही अखंड राहिला. कॅनडाच्या पश्चिम भागात जलरंगाची परंपरा रुजण्यात त्यांच्या अध्यापनाचा मोठा वाटा आहे.

अखेरचा काळ

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत काचबिंदूमुळे फिलिप्स यांची दृष्टी मंदावत गेली. छटांच्या सूक्ष्म भेदांवर ज्याची कला उभी होती, त्या चित्रकाराला काम थांबवावे लागले. ते व्हिक्टोरिया येथे राहावयास गेले व तेथेच ५ जुलै १९६३ रोजी त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

फिलिप्स यांच्या उपेक्षेची कारणे त्यांच्या चित्रांच्या गुणवत्तेपेक्षा परिस्थितीत अधिक आढळतात. जलरंग हे तैलचित्राच्या पूर्वतयारीचे किंवा हौशी मंडळींचे माध्यम मानण्याची प्रवृत्ती कलाजगतात दीर्घकाळ होती. जलरंगचित्रे प्रकाशाने फिकी पडतात. त्यामुळे संग्रहालयांत ती कायम भिंतीवर न ठेवता बहुतांश काळ अंधाऱ्या कपाटांत ठेवावी लागतात. जे चित्र क्वचितच दिसते, ते स्मरणातही कमी राहते. कॅनडाची प्रमुख कलाकेंद्रे पूर्वेकडे होती आणि विनिपेग तेथून दूर होते. याउलट मुद्राचित्रांच्या प्रती घरोघरी पोहोचल्या व चित्रकाराची ओळख तेवढ्यापुरती सीमित झाली.

त्यांच्या लेखनाचे भाग्यही असेच विभागलेले दिसते. काष्ठमुद्रणावरील त्यांचा ग्रंथ ते बेचाळीस वर्षांचे होत असताना प्रसिद्ध झाला. जलरंगांविषयीचे ‘वेट पेंट’ हे त्यांचे लेखन मात्र त्यांच्या हयातीत पुस्तकरूपाने प्रकाशित झाले नाही. चित्रे व लेखन अशा दोन्ही बाबतींत त्यांच्यातील जलरंगकार मागेच राहिला.

फिलिप्स यांनी मांडलेला विचार आजच्या अभ्यासकालाही उपयोगी आहे. माध्यमाच्या मर्यादा झुगारण्याऐवजी त्या मर्यादांत बसणारे सौंदर्य आपल्या परिसरात शोधावे, हे त्यांच्या चित्रांतून दिसते. इंग्लंडच्या ओलसर हवेत वाढलेली कला त्यांनी हजारो किलोमीटर दूरच्या कोरड्या, गोठवणाऱ्या मैदानात नेली आणि तेथील बर्फ, सावली व प्रकाश यांच्या आधारे तिला नवे रूप दिले.

स्मृती व संग्रह

कवी डंकन कॅम्बेल स्कॉट यांनी फिलिप्स यांच्यावर लिहिलेली पुस्तिका १९४७ मध्ये, त्यांच्या हयातीतच, प्रसिद्ध झाली. १९८१ मध्ये रॉजर बुले यांच्या ग्रंथामुळे त्यांच्या जीवनाचा व कार्याचा विस्तृत आढावा उपलब्ध झाला. बॅन्फ सेंटर या संस्थेतील कलादालनास वॉल्टर फिलिप्स गॅलरी असे नाव देण्यात आले आहे. कॅलगरीचे ग्लेनबो संग्रहालय, विनिपेग आर्ट गॅलरी व ओटावा येथील नॅशनल गॅलरी ऑफ कॅनडा येथे त्यांची चित्रे आहेत. १९९७ मध्ये कॅनडाच्या टपाल खात्याने ‘यॉर्क बोट ऑन लेक विनिपेग’ या चित्रावर आधारित तिकीट प्रसिद्ध केले.

निवडक मुद्राचित्रे

विंटर (१९१७)
नॉर्मन बे क्र. २ (१९२०)
समर आयडिल (१९२६)
कार्लुक्वीस (१९२९)
यॉर्क बोट ऑन लेक विनिपेग (१९३०)

ग्रंथ

द टेक्निक ऑफ द कलर वुडकट (१९२६)
एसेज इन वुड (१९३०)
कलर इन द कॅनेडियन रॉकीज (१९३७, फ्रेडरिक निव्हन यांच्यासमवेत)